बालकलाकार ते नायिका: मधली वर्षं जातात कुठे?

२३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. साडी नेसलेली एक चिमुरडी ‘नाळ २’मधल्या कामासाठी राष्ट्रपतींकडून पुरस्कार घ्यायला पुढे आली. तो व्हिडिओ मराठी घरांमधल्या बहुतेक मोबाइलवर फिरला. कौतुक वाटावं असाच तो क्षण होता. मी ठाण्यात मुलांच्या नाट्यशिबिरांत शिकवते. तेव्हापासून पालकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "आत्तापासून कॅमेऱ्याची सवय झाली की मोठेपणी हिरॉईन व्हायला सोपं जाईल ना?"

ठाणेकरांसाठी हा प्रश्न लांबचा नाही. घोडबंदर रोडच्या आसपास मालिकांचे सेट आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर ‘सहा ते नऊ वयाची मुलगी हवी, मराठी स्वच्छ’ असे निरोप येतात, आणि शेजारच्या विंगमधली कुणीतरी खरोखरच टीव्हीवर दिसत असते. मात्र लहानपणी काम करणं आणि मोठेपणी नायिका होणं यांच्यामध्ये काय घडतं, हे पालकांना कुणी नीट सांगत नाही. ते समजून घ्यायला सुरुवातीपासून यावं लागेल.

## काम मिळतं कसं

मुलांची निवड कास्टिंग डायरेक्टर करतो. त्याच्यापर्यंत नावं पोहोचवतो कोऑर्डिनेटर, आणि काम मिळालं की मानधनातून आपला हिस्सा घेतो. आधी फोनवर काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ मागतात, मग प्रत्यक्ष ऑडिशन होते, आणि पसंत पडली की लुक टेस्ट, म्हणजे त्या पात्राचे कपडे-केस करून कॅमेऱ्यासमोर उभं करून बघणं. मालिकेत मानधन सहसा दिवसावर ठरतं आणि पैसे हातात यायला साधारण तीन महिने लागतात. या व्यवसायात ते सर्रास चालतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात खात्यात काही आलं नाही म्हणून घाबरू नये.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. ‘रजिस्ट्रेशन फी भरा’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’, ‘रोल पक्का, फक्त डिपॉझिट ठेवा’ असं म्हणणारा माणूस काम देणारा नसतो. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मुलीचे घरच्या उजेडात काढलेले, मेकअप नसलेले साधे फोटो पहिल्या टप्प्याला पुरतात.

## कायद्यात हे बसतं का?

बसतं, पण अटींवर. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवण्यास बंदी आली. त्याला दोनच सवलती आहेत: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार, आणि चित्रपट, मालिका, जाहिराती, खेळ अशा क्षेत्रांत कलाकार म्हणून काम. दुसरी सवलत कशी वापरायची हे २०१७ च्या नियमांत लिहिलं आहे.

दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. शाळेच्या अभ्यासात खंड पडता कामा नये, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस निर्मात्याने नेमायचा. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर त्याला काम करायला लावायचं नाही. आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत थेट जमा करायचा, जो त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल. नियम मोडून मुलाला कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

परवानगी घ्यायची जबाबदारी निर्मात्याची, आणि ती द्यायची जिल्हाधिकाऱ्यांनी. कुठल्या जिल्ह्याच्या, तर जिथे चित्रीकरण आहे त्या. आपल्या भागात इथेच गोंधळ होतो. घोडबंदरला सेट असेल तर ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. गोरेगावच्या चित्रनगरीत असेल तर मुंबई उपनगरचं. नवी मुंबईत वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. म्हणजे बेलापूरच्या मुलीचं शूटिंग खारघरच्या बंगल्यात असेल तर कागद अलिबागहून यायला हवा. या परवानगीसाठी निर्मात्याने दिलेलं हमीपत्र सहा महिनेच चालतं. वर्षभर चालणाऱ्या मालिकेत ते पुन्हा करावं लागतं. पालकांनी परवानगीची प्रत मागून घ्यावी. मागितल्यावर निर्मितीकडचा माणूस ‘ते आम्ही बघतो हो’ म्हणाला, तर तिथेच थांबून पुन्हा मागावी. मुलीचं काम जाईल या भीतीने पालक गप्प बसतात, हे मी खूप वेळा पाहिलं आहे, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. पाच तासांची मर्यादा पाळली गेली नाही तर दमणार तीच आहे. शिवाय गायमुखच्या घाटात वाहनं अडकली की घर ते सेट हा प्रवासच दिवस खातो, तो या पाच तासांच्या वरचा.

## वीस टक्केच का? उरलेल्याचं काय?

समजा एका दिवसाचे ५,००० रुपये ठरले आणि महिन्यात २० दिवस काम झालं. म्हणजे १ लाख. त्यातले किमान २०,००० मुलीच्या ठेवीत. उरलेल्या ८०,००० वर नियम काही बोलत नाही, ते पालकांच्या हातात येतात. कोऑर्डिनेटरचा हिस्सा, प्रवास, कपडे, सोबत जाणाऱ्या आईची बुडालेली नोकरी, हे सगळं त्यातूनच भागतं, हे खरं. पण २० टक्के हा कायद्याचा तळ आहे. त्याहून जास्त बाजूला ठेवायला कुणाची मनाई नाही.

आयकराच्या बाबतीतही एक गोष्ट माहीत असावी. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण मुलाने स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून कमावलेला पैसा मिळवला जात नाही, तो त्याचाच धरला जातो. त्याच पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरतात. सीएला हे आधीच विचारून घ्यावं.

ठेवीचा नियम कुठून सुचला असेल, याची कल्पना अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्यावरून येते. जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला जगप्रसिद्ध बालकलाकार. १९२१ मध्ये त्याने चॅप्लिनबरोबर काम केलं आणि त्यानंतर लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळं उडवलं आहे. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, आणि हाती आलं ते अगदी थोडं. त्या संतापातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा भाग राखून ठेवायचा कायदा झाला. आपल्याकडे असा स्पष्ट नियम यायला २०१७ उजाडलं.

तोवर आपल्या मुली काय करत होत्या? मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा त्यांची मुलगी नंदा जेमतेम आठ वर्षांची होती. घर चालवायला ती ‘बेबी नंदा’ झाली. मीनाकुमारी, मधुबाला यांनीही शाळेच्या वयात घराचा भार उचलला. आपण त्यांच्या पडद्यावरच्या डोळ्यांबद्दल भरभरून बोलतो. त्या वयात त्यांना ‘आज नको’ म्हणायची सोय नव्हती, हे क्वचित बोलतो.

## मग बाराव्या-तेराव्या वर्षी काम का आटतं?

जवळजवळ प्रत्येक बालकलाकाराच्या आईवडिलांना हा धक्का बसतो. आठव्या वर्षी रोज फोन येत होते, तेराव्या वर्षी एकही नाही. मुलीला वाटतं, माझं काही चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं.

पहिलं कारण कथेतच आहे. मालिकेतलं मूल हे बहुधा मोठ्यांच्या गोष्टीतलं मूल असतं: नायिकेची लेक, सासूची लाडकी नात. त्याचं काम म्हणजे मोठ्यांना एकत्र आणणं किंवा रडवणं. बारा ते सतरा वयाच्या मुलीला त्या गोष्टीत फारशी जागाच लिहिलेली नसते. मग मालिका ‘लीप’ घेते, म्हणजे गोष्ट एका भागात दहा-पंधरा वर्षं पुढे उडी मारते. शुक्रवारी शाळेचं दप्तर घेऊन गेलेली मुलगी सोमवारी कॉलेजात जाणारी तरुणी होऊन परत येते, आणि ती तरुणी अर्थातच दुसरी अभिनेत्री असते. बालकलाकाराचं पात्र पुढे जातं, ती स्वतः मागे राहते.

दुसरं कारण हिशेबाचं. सोळा वर्षांच्या पात्रासाठी निर्मात्याला वीस-एकवीस वर्षांची मुलगी सोयीची पडते. ती बारा तासांची शिफ्ट करू शकते, रात्रीच्या दृश्यांना थांबू शकते, करारावर स्वतः सही करू शकते, तिची दहावीची परीक्षा मध्ये येत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही.

तिसरं कारण शरीराचं. उंची वाढते, दात बदलतात, चेहऱ्याची ठेवण पालटते. आज निवडलेली मुलगी सहा महिन्यांनी वेगळी दिसेल, हा धोका लांब पल्ल्याच्या मालिकेला परवडत नाही.

चौथं कारण कुणी सांगत नाही, आणि शिबिरांमुळे मला ते सगळ्यात जवळून दिसतं: अभिनयच बदलतो. सात-आठ वर्षांची मुलगी ऐकते, बघते आणि करते. दिग्दर्शकाने करून दाखवलं की ती तसंच करते, पुष्कळदा त्याच्याहून गोड करते, आणि ते खरं वाटतं, कारण आपण कसे दिसतोय हा विचारच तिच्या मनात नसतो. अकराव्या-बाराव्या वर्षी तो विचार येतो. हात कुठे ठेवायचे कळत नाही, आवाज घशात अडकतो, मुलं बघतायत याची लाज वाटते. काल सहज रडणारी मुलगी आज रडताना खोटी वाटते. पालक म्हणतात, हिची कला गेली. खरं तर ती मोठी होत असते. आता तिला पात्र स्वतः उभं करायला शिकायचं असतं: हे वाक्य ही बाई का म्हणते, ती काय लपवते आहे, शांत बसलेली असताना तिच्या मनात काय चाललंय. हे करून दाखवून शिकवता येत नाही, आणि ते यायला वेळ लागतो.

डोंबिवलीहून वाशीला निघालेल्या माणसाला ठाण्याला उतरावंच लागतं. तिकीट तेच असतं, पण जिना चढून ट्रान्सहार्बरच्या फलाटावर जायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा प्रवास. बालकलाकार आणि नायिका या अशाच दोन वेगळ्या गाड्या आहेत. पहिल्या गाडीत कितीही चांगली जागा मिळाली असली तरी ती वाशीला जात नाही.

## "पण श्रीदेवी तर थांबल्या नव्हत्या!"

हा प्रश्न हमखास येतो. श्रीदेवींचा जन्म १९६३ चा. दक्षिणेतल्या चित्रपटांत बालकलाकार म्हणून गाजल्या आणि १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, तमिळमध्ये नायिकेच्या भूमिकेत आल्या. हिंदीत १९७९ चा पहिला नायिकापट चालला नाही, ‘हिम्मतवाला’ने १९८३ मध्ये यश दिलं. त्यांची प्रतिभा अफाट होती, यात वाद नाही. पण तेराव्या वर्षी प्रौढ बाईची भूमिका करणं हे तेव्हा चाललं, म्हणून आज आपल्या मुलीसाठी मागावं असं मला मुळीच वाटत नाही.

आणि त्या अपवाद होत्या. आशा पारेख १९५२ मध्ये बिमल रॉय यांच्या चित्रपटात बालकलाकार म्हणून दिसल्या, पण नायिका म्हणून उभ्या राहताना एका चित्रपटातून, तुझ्यात नायिकेचं काही नाही म्हणून, काढल्या गेल्या. त्यानंतर लगेच १९५९ मध्ये त्या दुसऱ्या चित्रपटातून नायिका झाल्या. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत गेल्या. आपल्या उर्मिला मातोंडकर १९८३ च्या ‘मासूम’मधली मुलगी म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिल्या, हिंदीत नायिका म्हणून १९९१ मध्ये आल्या, आणि ‘रंगीला’चं यश १९९५ चं. म्हणजे लक्षात राहिलेल्या चेहऱ्यापासून स्टार होईपर्यंत बारा वर्षं.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण २०१६ च्या ‘दंगल’मधलं वाटतं. गीता फोगाटची लहानपणीची भूमिका झायरा वसीमने केली, मोठेपणीची फातिमा सना शेखने. फातिमा स्वतः १९९७ च्या ‘चाची ४२०’मधली छोटी मुलगी. हिंदीत नायिका म्हणून परत यायला तिला एकोणीस वर्षं लागली. झायराने याच चित्रपटानंतर आणखी एक मोठं यश पाहिलं आणि २०१९ मध्ये अभिनय सोडत असल्याचं जाहीर केलं. एकाच पात्राचे दोन चेहरे, एक एकोणीस वर्षांनी आत आलेला आणि एक तीन वर्षांत बाहेर पडलेला. या दोघींपैकी चुकली कोण? मला तरी कुणीच दिसत नाही.

## मधल्या वर्षांत करायचं काय?

आधी शाळा. हे उपदेशासाठी सांगत नाही, वाट तिथूनच जाते म्हणून सांगते आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली नाट्यकला अकादमी, अशा संस्थांत शिरायला पदवी लागते. काम खूपच असेल तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. ‘सैराट’नंतर रिंकू राजगुरूने दहावीची परीक्षा बाहेरूनच दिली होती. तिला गर्दीमुळे शाळेत बसणं अवघड झालं होतं. दहा दिवसांच्या मालिकेसाठी मात्र तो पर्याय घेऊ नये.

मग रंगमंच. मराठीत मोठेपणी नावारूपाला आलेले अनेक कलाकार बालपणीच्या मालिकांतून आलेले नाहीत, ते महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमधून आले. तालमी, नेपथ्य उचलणं, संहिता दहा वेळा फाडून पुन्हा लिहिणं, परीक्षकांची बोलणी, हे सगळं त्या वयात जे शिकवतं ते मालिकेच्या सेटवर शिकायला वेळच नसतो. तिथे दिवसाला ठरलेली दृश्यं संपवायची असतात. ठाण्यात गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीत विष्णुदास भावे अशी नाट्यगृहं आपल्या दारात आहेत. रत्नाकर मतकरींनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, तिथली मुलं स्वतःच्या जगण्यातून नाटिका उभ्या करतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यापेक्षा असा गट मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. तिथे ती पुढे नायिका नाही झाली तर लेखिका होईल, प्रकाशयोजना शिकेल, किंवा नुसतीच न घाबरता बोलायला शिकेल.

आणि नाच, गाणं, पोहणं, वाचन, जे आवडेल ते. आवाजाची निगा राखावी. मराठी उच्चार घासून घ्यावेत.

## "आता मालिका कशाला? रील आहेत की!"

हेही खूप ऐकते. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून लहान मुलींची खाती आईवडील चालवतात. तिथे निर्माता, कोऑर्डिनेटर, कॅमेरामन आणि पालक, सगळे एकच. सेटवर निदान कुणीतरी ‘पाच तास झाले’ म्हणू शकतं. घराच्या हॉलमध्ये सोळावा टेक चालू असताना ते कोण म्हणणार? जाहिरातींचे पैसे आले तर त्यातलेही किमान २० टक्के तिच्या नावे ठेवा. कुणी विचारायला येणार नाही, तरी ठेवा. आणि लक्षात घ्या, सहाव्या वर्षीचे व्हिडिओ सोळाव्या वर्षी तिच्या वर्गातली मुलं बघणार आहेत. मालिकेचा भाग लोक विसरतात, खात्यावरचा व्हिडिओ तिथेच असतो.

## चौदा ते अठरा: नियमातली पोकळी

आत्तापर्यंत सांगितलेली ठेव, २७ दिवसांची अट, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, हे सगळं १४ वर्षं पूर्ण न झालेल्यांसाठी आहे. नेमकं जिथे मुलगी सगळ्यात नाजूक वळणावर असते, तिथे हे कुंपण संपतं. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना कायद्याने धोकादायक कामांवर बंदी आहे, पण कलाकार मुलांसाठीची ही तपशीलवार चौकट त्यांना लागू नाही. ती अठरापर्यंत वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर पालकांनी तेच नियम आपल्या हिमतीवर करारात लिहून घ्यावेत: तास, शाळा, सोबत कोण, ठेव. ‘एक्सक्लुझिव्ह’ असं कलम असेल, म्हणजे इतकी वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. अल्पवयीन मुलाने केलेला करार आपल्याकडे रद्दबातल असतो, म्हणून सही पालकाची घेतात, आणि अडकते मुलगी.

अठरावा वाढदिवस जवळ आला की तीन कामं करा. बँकेतून ठेवींच्या सगळ्या पावत्या काढा आणि तिच्या हातात द्या. अल्पवयीन म्हणून काढलेलं पॅन कार्ड तिच्या फोटो-सहीसह बदलून घ्या. आणि तुम्ही तिच्या वतीने सह्या केलेले सगळे करार तिच्याबरोबर बसून वाचा. एखादा अजून चालू असेल, तर तो पुढे न्यायचा की सोडायचा, हे आता तिला ठरवू द्या.